बांधकाम व्यवसायासाठी पुरस्कार: गोव्यातून अर्ज करताना पात्रता, कागदपत्रे आणि प्रत्यक्ष फायदा

पुरस्कार मिळाला म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याची (साबांखा) निविदा पदरात पडत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. सरकारी कामांच्या पूर्वपात्रतेसाठी केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली निकष घालून दिले. गेल्या सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या ४० टक्के रकमेची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचं एक तत्सम काम पूर्ण केलेलं हवं, आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के हवी. खात्याखात्यागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण सन्मानचिन्हासाठी रकाना कुठेच नसतो.

फायदा होतो तो दुसरीकडे. दिल्ली-मुंबईत बसून पर्वरीत किंवा आसगावात घर घेणारा गिऱ्हाईक तुमचा गवंडी ओळखत नाही, जुनं काम बघायला येत नाही. त्रयस्थ परीक्षकांनी साइटवर येऊन दिलेला शेरा त्याला पटतो. मोठ्या कंपन्या उपकंत्राट देताना सुरक्षेची नोंद मागतात, तिथेही अशा मान्यतेला वजन असतं. आणि अर्जासाठी जी फाईल तयार होते, ती जवळजवळ तशीच बँकेत आणि निविदेत चालते. माझ्या मते लहान कंत्राटदाराने अर्ज करावा तो या फाईलसाठीच. पुरस्कार मिळाला तर वरकड.

कुठे अर्ज करावा

इमारती, रस्ते, पूल अशी कामं करणाऱ्यांसाठी विश्वकर्मा पुरस्कार देशभर ओळखीचे आहेत. ते बांधकाम उद्योग विकास परिषद, म्हणजे सीआयडीसी, देते. ही परिषद १९९६ साली तत्कालीन नियोजन आयोग आणि बांधकाम उद्योग यांनी मिळून उभी केली. प्रकल्प, कंपनीचं व्यवस्थापन, सुरक्षा व पर्यावरण असे वेगवेगळे गट असतात. एकच चांगली इमारत हाताशी असेल तर प्रकल्प गटातच जावं. कंपनी गटात तुमचा सगळा कारभार उघडा करावा लागतो.

कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) पुरस्कार बांधकाम क्षेत्रालाही खुले आहेत. इथे शब्दांपेक्षा आकडे बोलतात. अपघातांचं प्रमाण काढायची पद्धत भारतीय मानक ३७८६ मध्ये दिली आहे: कामाचा वेळ बुडवणाऱ्या इजांची संख्या गुणिले दहा लाख, भागिले एकूण मनुष्यतास. समजा साइटवर ६० कामगार, रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस. मनुष्यतास झाले १,४४,०००. दोन इजा झाल्या असतील तर प्रमाण येतं १३.९. हा हिशेब मांडायला हजेरीपट आणि अपघात नोंदवही दोन्ही खरी लागतात. ‘आमच्याकडे एकही अपघात नाही’ असं लिहिलं आणि नोंदवहीच नसेल, तर परीक्षक त्याचा अर्थ वेगळाच लावतात. वर्षभर कोरी असलेल्या वहीवरही त्यांचा विश्वास बसत नाही. खिळा पायात गेल्याची, चिरा बोटावर पडल्याची नोंद असलेली वही जास्त खरी वाटते.

तिसरा पर्याय गोव्याला अगदी साजेसा आहे आणि इथेच तो सर्वांत दुर्लक्षित राहतो. २००० सालापासून दिले जाणारे युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार. वास्तू ५० वर्षांहून जुनी हवी, काम गेल्या दहा वर्षांत पूर्ण झालेलं हवं आणि त्यानंतर ती किमान एक वर्ष वापरात असायला हवी. पणजीतल्या फोंताइन्हासमधलं घर, फोंड्याकडचा चौसोपी वाडा, चुन्याच्या गिलाव्याची आणि शिंपल्यांच्या तावदानांची सासष्टीतली घरं, सगळी या वयात बसतात. मालकाची लेखी संमती, आराखडे, केलेल्या कामाचं वर्णन आणि आधीची, चालू कामाची व नंतरची छायाचित्रं जोडावी लागतात. बहुतेकांचं घोडं अडतं ते ‘आधीच्या’ फोटोंवर. गिलावा एकदा झाडला की तो फोटो पुन्हा मिळत नाही. म्हणून काम हाती घेताच प्रत्येक खोलीचा फोटो दारातून, एकाच जागेवरून घ्यावा आणि काम संपल्यावर नेमक्या त्याच जागेवरून पुन्हा. कौलं उतरवण्याआधी वाशांचे फोटो वेगळे.

कागदपत्रं

गोव्यात खरी अडचण नावाची होते. नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, काम पूर्णत्वाचा दाखला, शेवटी ऑक्युपन्सी म्हणजे वास्तू वापरायचा दाखला, सगळे कागद मालकाच्या नावाने. अभियंत्याची सही असते. कंत्राटदार कुठेच नसतो! मग हे काम तुम्हीच केलं हे कशावरून? त्यासाठी मालकाबरोबरचा करारनामा किंवा वर्क ऑर्डर, बिलं आणि मालकाकडून कामपूर्तीचं पत्र लागतं. त्या पत्रात सर्व्हे क्रमांक, बांधकामाचं क्षेत्रफळ, सुरू झाल्याची व संपल्याची तारीख आणि एकूण रक्कम असावी. ‘काम समाधानकारक’ एवढ्या दोन शब्दांच्या पत्राचा उपयोग नाही.

खाजगी कामाच्या रकमेवर टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला गेला असेल तर त्याची आयकर नोंद काढून ठेवा. केंद्रीय बांधकाम खात्यात कंत्राटदार म्हणून नाव नोंदवतानाही खाजगी कामांसाठी हाच पुरावा मागतात. रोखीने केलेलं काम कितीही सुंदर असलं तरी ते इथे मोजलं जात नाही.

बाकीचे कागद नेहमीचेच: पॅन, जीएसटी नोंदणी, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले तीन वर्षांचे ताळेबंद, भागीदारीचा करार किंवा कंपनी नोंदणी, बांधकाम कामगार उपकर भरल्याची पावती, आणि कामगारसंख्येनुसार लागू असेल तर भविष्यनिर्वाह निधी व ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) चलनं. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी नसेल तर ऑनलाइन करून घ्या, ती मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. स्वतः बिल्डर असाल आणि प्रकल्पाला गोवा रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागू असेल, तर तिचा क्रमांक अर्जाच्या पहिल्याच पानावर टाका. रेराकडे द्यायचे तिमाही अहवाल थकले असतील तर आधी ते भरा. परीक्षकाला ते बसल्या जागी दिसतात.

वर्णन कसं लिहावं

‘उत्कृष्ट दर्जा’, ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान’ हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी अडचण सांगा आणि ती कशी सोडवली ते सांगा. जूनच्या पहिल्या पावसाआधी जोतं पूर्ण करण्यासाठी कामाचा क्रम कसा बदललात, खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल, जमिनीलगत पायाच्या खड्ड्यात पाणी लागलं तेव्हा काय केलंत, अरुंद वाटेच्या वस्तीत ट्रक जात नव्हता तेव्हा काँक्रीट कसं पोचवलंत. सोबत क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीच्या चाचणीचे, अहवाल जोडा, नापास झालेल्या एखाद्याचाही आणि त्यानंतर केलेल्या दुरुस्तीचाही.

विकतचे पुरस्कार

‘अभिनंदन, आपली निवड झाली आहे’ असा मेल अर्ज न करताच आला तर समजून जा. पुढे पंचतारांकित हॉटेलातल्या टेबलाचे, मासिकातल्या पानाचे, चषकाचे पैसे मागितले जातात. प्रवेश शुल्क असणं वाईट नाही, छाननीला खर्च येतोच. पण निवडीआधी नियमावली, परीक्षकांची नावं आणि गुणांकन जाहीर नसेल तर पैसे भरू नका. असा चषक कार्यालयात ठेवला तर फार तर हसं होईल, जाहिरातीत छापला तर प्रकरण वेगळं. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं, तर त्याला भरपाई मिळते, आणि त्याला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत द्यावे लागतात.

अर्ज पाठवल्यावर सगळ्या कागदांचा एक संच साइटवर ठेवा. परीक्षक आले तर त्यांच्याबरोबर कंपनीच्या मालकापेक्षा साइट अभियंता आणि मुख्य मिस्त्री फिरलेले चांगले. खरा पुरस्कार मिळाला, तर जाहिरातीत संस्थेचं नाव, वर्ष, गट आणि ज्या प्रकल्पासाठी तो मिळाला त्याचं नाव लिहा. म्हापशातल्या इमारतीचा पुरस्कार दाबोळीतल्या नव्या प्रकल्पाच्या फलकावर मोघम छापू नका. रेराचा क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता त्या फलकावर असावाच लागतो, मग पुरस्कार असो वा नसो.