ओ. हेन्री

ओ. हेन्री (११ सप्टेंबर १८६२ – ५ जून १९१०) हा अमेरिकन कथाकार, खरं नाव विल्यम सिडनी पोर्टर. जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोचा, शेवट न्यूयॉर्कमध्ये. शेवटच्या चार ओळींत गोष्ट उलटी करायची त्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर इथे जागा घालवत नाही.

आधी काकाच्या औषधाच्या दुकानात, पुढे टेक्सासमधल्या ऑस्टिनला बँकेत. तिथे हिशेबात पैसे कमी निघाले, खटला भरला गेला, सुनावणीआधीच हा होंडुरासला पळाला आणि बायको शेवटच्या आजारात आहे कळल्यावर १८९७ मध्ये परत आला. पैसे त्याने खाल्ले की बँकेचाच कारभार ढिसाळ होता, यावर एकमत नाही. १८९८ ते १९०१ ओहायोच्या तुरुंगात होता, तिथे रात्रपाळीचा कंपाउंडर.

टोपणनाव नेमकं कुठून आलं हा घोळ आजही मिटलेला नाही. १९०९ च्या एका मुलाखतीत तो स्वतःच म्हणाला की न्यू ऑर्लिन्सला मित्रासोबत पेपरातल्या बड्या लोकांच्या बातम्या चाळताना ‘हेन्री’ सापडलं, आणि ‘ओ’ का, तर लिहायला सगळ्यात सोपं अक्षर म्हणून. पण जेलची गोष्ट तो पोटच्या मुलीपासूनही लपवत होता, त्यामुळे हा खुलासा जपूनच घ्यावा. दुसरं मत असं की ऑरिन हेन्री नावाच्या तुरुंग पहारेकऱ्यावरून ते घेतलं. अमेरिकन लेखक गाय डेव्हनपोर्ट म्हणतो ‘ओहायो पेनिटेन्शियरी’ या त्याच तुरुंगाच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं गाळून हे नाव बनलं, जे डोकेबाज आहे पण जरा ओढूनताणून वाटतं. चौथं, एतिएन ओसियन आंरी हा फ्रेंच औषधशास्त्रज्ञ, आडनावाचं स्पेलिंग हेन्रीसारखंच आणि अमेरिकन औषधकोशात त्याचा उल्लेख, म्हणजे कंपाउंडरच्या रोज हाताखालचं पुस्तक, तेव्हा हे त्यातल्या त्यात पटतं. निदान डिसेंबर १८९९ च्या ‘मॅक्लुअर्स’ मासिकात हे नाव छापलेलं दिसतं, म्हणजे तो आत असतानाच.

त्याच्या पात्रांत पडद्यावर सगळ्यात जास्त चालला तो सिस्को किड हा बंदूकबाज, आणि तोच सगळ्यात बदललेला. मूळ १९०७ च्या कथेत तो मौजेखातर माणसं मारणारा. प्रेयसीने दगा दिला कळल्यावर तो तिच्याच नावाने, त्याच्या मागावर असलेल्या रेंजरला (टेक्सासच्या पोलिसाला) खोटी चिठ्ठी पाठवतो, की किड माझे कपडे घालून निघेल आणि मला त्याचे घालायला लावेल, मग रेंजर अंधारात बाईच्या कपड्यांतल्या ‘किड’वर गोळ्या झाडतो आणि मरते ती खरीच बाई. सिनेमात याचा दिलदार मेक्सिकन झाला! ‘इन ओल्ड ॲरिझोना’साठी वॉर्नर बॅक्स्टरला ऑस्करही मिळालं, १९५० पासून टीव्ही मालिका आली. १९५२ चा ‘ओ. हेन्रीज फुल हाउस’ पाच कथांचा, निवेदक जॉन स्टाइनबेक, छोट्याशा भूमिकेत मेरिलिन मन्रो. रशियातही १९६२ मध्ये दिग्दर्शक गायदाईने तीन कथांवर विनोदी सिनेमा काढला.

हिंदीत ऋतुपर्ण घोषचा ‘रेनकोट’ (२००४) ‘गिफ्ट ऑफ द मॅजाय’वर आणि ‘लुटेरा’ (२०१३) ‘द लास्ट लीफ’वर बेतलेला. मूळ कथेत नवरा घड्याळ आणि बायको केस विकून एकमेकांना भेट आणतात; ‘रेनकोट’मध्ये त्याऐवजी दोघंही एकमेकांना आपण सुखात असल्याच्या थापा देतात, बहुतेक वेळ एकाच घरात, बाहेर पाऊस.