काउंटर बिघडलेला नाही
(जीएम काउंटर संच, म्हणजे किरणोत्सार मोजणारे गायगर-म्युलर यंत्र, घेतलेल्या महाविद्यालयांसाठी माहितीपत्रक)

प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "सोर्स कपाटात ठेवला तरी काउंटर मोजतोच आहे." "दोनदा मोजलं, दोन वेगळे आकडे आले." "गेल्या बॅचला बरे काउंट यायचे, आता येत नाहीत, ट्यूब बदलून द्या." (सोर्स म्हणजे किरणोत्सारी पदार्थाची छोटी डबी, काउंट म्हणजे ट्यूबने टिपलेला एकेक किरण.) यातल्या बहुतेक तक्रारींत दुरुस्त करण्यासारखे काही नसते. अणुकेंद्रे जशी वागतात तसेच यंत्र दाखवत असते. म्हणून विद्यार्थी आणि लॅब असिस्टंट वारंवार विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. हे पान संचाच्या पेटीतच ठेवावे.

सोर्स नसताना काउंट येतात कुठून?

जमिनीतून, भिंतीतून, आकाशातून आणि थोडेसे तुमच्या अंगातूनही. विटा, दगड, ग्रॅनाइटचा ओटा यांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-40 अल्प प्रमाणात असतातच. हवेत रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो, वरून वैश्विक किरण येतात. संचातली एंड-विंडो (टोकाला पातळ खिडकी असलेली) ट्यूब यामुळे मिनिटाला साधारण 20 ते 40 काउंट दाखवते. हा बॅकग्राउंड आधी मोजायचा आणि प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा. बॅकग्राउंड अगदी शून्य आला तर मात्र जरूर फोन करा.

तेच मांडून तेच मोजले, तरी आकडा बदलतो. का?

नुसता बॅकग्राउंड दहा-दहा सेकंद मोजून पाहा. 4, 7, 3, 6, 2, 8 असे काहीसे आकडे येतील. सरासरी 5, पण 5 स्वतः एकदाही आला नाही! पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडतात तसे हे आहे: मिनिटाला किती पडतील याचा अंदाज बांधता येतो, पुढचा कधी पडेल याचा नाही.

या चढउताराला नियम आहे. एकूण N काउंट मोजले तर त्यात साधारण N च्या वर्गमुळाइतका फरक पडणे स्वाभाविक असते. 100 काउंटांवर 10, म्हणजे दहा टक्के. 10,000 काउंटांवर 100, म्हणजे एकच टक्का. त्यामुळे रीडिंग "हलतंय" असे वाटले तर व्होल्टेजच्या बटणाला हात लावू नका, जास्त वेळ मोजा. आणि सलग सहा वेळा 5 लिहिलेले जर्नल दिसले की अनुभवी एक्सटर्नल परीक्षक चष्म्यावरून विद्यार्थ्याकडे पाहतात, हेही सांगून ठेवतो.

एका अणूचे काही सांगता येत नाही, मग अर्धायुष्य इतके नेमके कसे?

अर्धायुष्य म्हणजे निम्म्या केंद्रांचा ऱ्हास व्हायला, म्हणजे किरण सोडून ती बदलायला, लागणारा काळ. तो नेमका येतो संख्येच्या जोरावर. सीझियम-137 चा 37 किलोबेक्वेरेलचा छोटा सोर्स घ्या. त्यात सुमारे 50 लाख कोटी सीझियम केंद्रे असतात, आणि तरी सीझियमचे वजन भरते मायक्रोग्रॅमच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढे. सेकंदाला सरासरी 37,000 केंद्रांचा ऱ्हास होतो आणि वर सांगितलेल्या नियमाने त्यात 190च्या आसपास चढउतार होतो. म्हणजे अर्धा टक्का. केंद्रे चारच उरली असती, तर अर्धायुष्याच्या अखेरीस दोन उरतील की चारही, हे कोणी छातीठोकपणे सांगितले नसते.

इथे एक गैरसमज हटकून भेटतो: एका अर्धायुष्यात निम्मे संपले, तर दुसऱ्यात उरलेले सगळे संपणार. तसे होत नाही. दुसऱ्या अर्धायुष्यात उरलेल्याचे निम्मे जातात, तिसऱ्यात त्याच्याही निम्मे. कारण अणुकेंद्राला वय नसते. लाखो वर्षे टिकून राहिलेल्या केंद्राचा पुढच्या सेकंदात ऱ्हास होण्याची शक्यता आज तयार झालेल्या त्याच जातीच्या केंद्राइतकीच असते.

सोर्स तापवला तर ऱ्हासाचा वेग वाढेल का?

नाही, आणि कृपया तापवून पाहू नका. रासायनिक बंधांतली ऊर्जा काही इलेक्ट्रॉन-व्होल्टची, तर अणुकेंद्रातल्या घडामोडींची लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टची. बर्नरची आच तिथवर पोचतच नाही. हुशार विद्यार्थी अपवाद विचारतात, म्हणून सांगतो. बेरिलियम-7 स्वतःभोवतीचा इलेक्ट्रॉन गिळून बदलते, त्यामुळे संयुग बदलले की त्याच्या वेगात फार तर एखाद्या टक्क्याचा फरक पडतो. ऱ्हेनियम-187 ची गोष्ट अधिक नवलाची. साध्या अणूत त्याचे अर्धायुष्य सुमारे 4,200 कोटी वर्षे, पण जर्मनीतल्या प्रयोगात त्याचे सगळे इलेक्ट्रॉन काढून टाकले तेव्हा ते सुमारे 33 वर्षांवर आले. कॉलेजच्या लॅबमध्ये यातले काहीही घडत नाही.

डबीवर 37 किलोबेक्वेरेल लिहिले आहे, मग सेकंदाला 37,000 काउंट का येत नाहीत?

हा आमचा आवडता प्रश्न, कारण याचे उत्तर फळ्यावर मांडून दाखवता येते. सीझियम-137 च्या शंभर ऱ्हासांमागे सुमारे 85 गॅमा किरण निघतात, म्हणजे सेकंदाला साधारण 31,500. ते चहूबाजूंना जातात. सोर्स ट्यूबपासून 10 सेंटीमीटरवर असेल आणि खिडकीची त्रिज्या 1.4 सेंटीमीटर असेल, तर खिडकीच्या वाट्याला त्यांतले अर्धा टक्का येतात: सेकंदाला दीडशेच्या आसपास. त्यांपैकी बहुतेक गॅमा ट्यूबमधून आरपार जातात, कारण जीएम ट्यूब शंभरातला जेमतेम एखादा गॅमा पकडते. हाती उरतात सेकंदाला दीड, मिनिटाला नव्वद. वर बॅकग्राउंड धरला की सव्वाशेच्या आतबाहेर. मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवून सोर्समधून निघणारे बीटा (वेगवान इलेक्ट्रॉन) अडवले असतील तर तुमच्या टेबलावरही याच घरातला आकडा यायला हवा.

बीटाचे तसे नाही. खिडकीतून आत शिरलेला बीटा ट्यूब सहसा सोडत नाही. अल्फाला (हेलियमच्या केंद्राला) मात्र खिडकी पातळ लागते, म्हणून तिथे अभ्रकाचा पापुद्रा असतो. त्याला बोट लावू नका. बोट लागून फुटलेली ट्यूब वॉरंटीत बसत नाही.

काउंट दरवर्षी कमी का होत चालले?

आधी सोर्सवरची तारीख पाहा. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षे. सोळा वर्षांपूर्वी घेतलेला सोर्स आज आठव्या हिश्शावर आलेला असतो. थॅलियम-204 (3.78 वर्षे) तेवढ्याच काळात शंभरातले जेमतेम पाच उरते. सीझियम-137 (30 वर्षे) अजून सत्तर टक्क्यांच्या जवळ असते. अशा वेळी नवी ट्यूब विकून आमचा फायदाच झाला असता, पण काउंट वाढले नसते.

बीटा आलेखाचे (अॅल्युमिनियमची जाडी आणि काउंट) टोक नीट का येत नाही?

कारण सगळे बीटा सारख्या ऊर्जेचे नसतात. थॅलियम-204 चे बीटा जवळपास शून्यापासून 0.76 एमईव्हीपर्यंत (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) कोणत्याही ऊर्जेचे निघतात, म्हणून पत्रे वाढवत नेले की काउंट हळूहळू घसरतात आणि अॅल्युमिनियमच्या सुमारे 1 मिलिमीटर जाडीला बॅकग्राउंडला टेकतात. प्रत्येक ऱ्हासात सुटणारी ऊर्जा तेवढीच, मग उरलेली जाते कुठे, या कोड्याने 1920च्या दशकात भल्याभल्यांना छळले. ऊर्जा-अक्षय्यतेचा नियमच सोडून द्यावा का, इथवर चर्चा गेली होती. 1930 च्या डिसेंबरात भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने एक न दिसणारा कण सुचवला, आणि 1956 मध्ये राइन्स आणि कोवन यांनी अणुभट्टीजवळ तो पकडला. तोच न्यूट्रिनो. बीटा इलेक्ट्रॉनसुद्धा अणुकेंद्रात आधीपासून लपून बसलेला नसतो. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना तो त्याच क्षणी तयार होतो.

गॅमाच्या बाबतीत "पूर्ण अडवणारी जाडी" शोधू नका. सीझियमचे गॅमा शिशाच्या साडेसहा मिलिमीटरला निम्मे होतात, पुढच्या तेवढ्याच जाडीला पुन्हा निम्मे.

सोर्स नसेल तर काही करता येईल का?

येईल. खताच्या दुकानातून किलोभर म्युरेट ऑफ पोटॅश आणा. त्यात निम्म्याच्या आसपास पोटॅशियम असते. एक ग्रॅम पोटॅशियममधली सुमारे 31 केंद्रे दर सेकंदाला ऱ्हास पावतात, म्हणजे पिशवीत सेकंदाला पंधरा हजारांच्या घरात. खत पसरट ताटलीत घेऊन खिडकीखाली ठेवा आणि दहा मिनिटे मोजा, बॅकग्राउंडवरची वाढ स्वच्छ दिसेल. घाबरायचे कारण नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातल्या पोटॅशियममध्येच सेकंदाला चार हजारांहून अधिक ऱ्हास चालू असतात.

नाशिककडच्या कॉलेजांतून हमखास विचारतात, लासलगावला किरण मारलेला कांदा किरणोत्सारी होतो का? होत नाही. तिथल्या कृषक या विकिरण केंद्रात कोबाल्ट-60 चे गॅमा वापरतात, त्यांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 एमईव्ही. पदार्थ किरणोत्सारी करण्यासाठी अणुकेंद्रातला न्यूट्रॉन बाहेर काढायला सहसा याहून बरीच जास्त ऊर्जा लागते. कोंब येणे थांबते, कांदा कांदाच राहतो. 2007 मध्ये अमेरिकेला गेलेला हापूसही याच केंद्रातून किरणे घेऊन गेला होता. किरण पडणे वेगळे आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणे वेगळे, एवढे विद्यार्थ्यांच्या डोक्यात पक्के बसवा.

जुन्या सोर्सचे काय करायचे?

इथे मात्र थट्टा नाही. सोर्स चिमट्याने उचला, त्या टेबलावर जेवणाचा डबा उघडू नका, काम झाले की नोंदवहीत सही करून कपाटाला कुलूप लावा. निकामी वाटलेला सोर्स जुन्या सामानाबरोबर लिलावात किंवा भंगारात कधीही जाता कामा नये. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या लॅबमधले जुने गॅमा उपकरण पोचले. त्यातले कोबाल्ट-60 बाहेर आले आणि एका माणसाचा जीव गेला. तो सोर्स तुमच्याकडच्यापेक्षा कितीतरी पट ताकदीचा होता हे खरे, पण कपाटातल्या जुन्या डबीत काय आहे हे लेबल पुसल्यावर कोणालाच सांगता येत नाही.

अशी बिनकागदाची डबी सापडली तर उघडू नका, जागेवरच ठेवून कुलूप लावा, विभागप्रमुखांना कळवा आणि त्यांच्यामार्फत मुंबईत अणुशक्तीनगरला असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहा. आम्ही काउंटर आणि ट्यूब दुरुस्त करतो. सोर्स नेण्याची परवानगी आमच्याकडे नाही, त्यामुळे दुरुस्तीला यंत्र पाठवताना पेटीत सोर्स राहिला नाही ना, हे दोघांनी मिळून तपासावे.