आधी ९८, नंतरही ९८

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सकाळी वाळूत योगाचा क्लास भरतो, मी अधूनमधून जातो. परवा सर परत तेच बोलले, दीर्घ श्वास घ्या, रक्तात ऑक्सिजन भरभरून जाईल. कोरोनातलं ऑक्सिमीटर खिशातच होतं (सवय वाईट!). अनुलोम-विलोमच्या आधी ९८, दहा मिनिटांनी ९८. वाढणार कुठून? धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन (रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं) एरवीच ऑक्सिजनने ९७-९८ टक्के भरलेलं असतं, काठोकाठ भरलेल्या कळशीत आणखी किती ओतणार. उलट जोरजोरात भस्त्रिका (भात्यासारखा भराभर श्वास) केली की कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि डोकं हलकं होतं, त्याला लोक ऊर्जा म्हणतात. लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ च्या सुमारास एक्स-रे लावून योग तपासला होता हो, आणि आपण अजून व्हॉट्सअॅपवर 'डिटॉक्स' फिरवतोय.

मग बरं वाटतं ते खोटं का? नाही. गंमत आहे ती ठेक्यात.

आत्ता मनगटावर बोटं ठेवा. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर. आत घेताना नाडी जरा पळते, सोडताना रेंगाळते, कळतंय? श्वास सोडताना व्हेगस नर्व्ह, जी मेंदूतून निघून पार पोटापर्यंत जाते, ती हृदयाचा ब्रेक दाबते. आता दुसरी भानगड. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीत प्रेशर ओळखणारे सेन्सर असतात, बीपी चढलं की ते मेंदूला कळवतात, मेंदू ठोके कमी करतो, बीपी उतरलं की उलटं. पण हे सगळं घडायला वेळ लागतो, त्यामुळे ही यंत्रणा आपली आपणच हेलकावे खात असते, एक हेलकावा साधारण १० सेकंदांचा. एरवी आपण मिनिटाला १२ ते १८ श्वास घेतो, म्हणजे बल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) झोपाळ्याला भलत्याच वेळी धक्के. मिनिटाला ६ वर आलात की एक श्वास बरोबर १० सेकंदांचा, धक्का झोक्याच्या वेळेवर बसतो आणि नाडीची वरखाली एकदम मोठी होते. ०.१ हर्ट्झचा, म्हणजे दहा सेकंदांत एका झोक्याचा रेझोनन्स, बारावीच्या फिजिक्समधलाच.

२००१ मध्ये इटलीचे संशोधक लुचियानो बर्नार्दी यांनी २३ जणांकडून लॅटिनमधून 'आवे मारिया' ही ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला, तर दोन्हीत श्वास मिनिटाला ६ च्या आसपास! म्हणजे संध्याकाळी शेजारची आंटी तेर्स (जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना) म्हणते आणि इकडे आई जप करते, दोघींचा ब्रेक एकाच तालात दाबला जातो.

खेळाडूंचं म्हणाल तर आसनांनी लवचिकता आणि बॅलन्स सुधारतो, पण फुटबॉलचा स्टॅमिना धावूनच येणार. मॅचच्या तोंडावर हॅमस्ट्रिंग मिनिटभर ताणून धरलात तर स्प्रिंटचा जोर थोडा कमीच होतो. मात्र स्प्रिंटनंतर ठोके झटपट खाली आणायचं काम त्याच व्हेगसचं, म्हणून म्हापशाच्या भाच्याला म्हटलं, हाफटाइमला पाच-पाच मोजून बघ. तिसऱ्या श्वासालाच म्हणतो, "मामा, पाच सेकंद एवढे लांब असतात?"