व्हीओटू मॅक्स जास्त, तरी शर्यतीत मागे?

घड्याळात व्हीओटू मॅक्स एकाने वाढला की धावणारे खूश होतात, आणि शर्यतीत पाय जड झाले की 'लॅक्टिक ॲसिड साचलं' म्हणून मोकळे होतात. दोन्ही गोष्टी दमाच्याच, पण एक नव्हेत.

जीव तोडून पळताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं, तो व्हीओटू मॅक्स. मोजतात वजनाच्या किलोमागे मिलिलिटरमध्ये. हृदय किती रक्त पुढे ढकलतं आणि स्नायू त्यातला किती ऑक्सिजन काढून घेतात, यावर तो ठरतो. त्या जोरात माणूस काही मिनिटंच टिकतो.

तासभर टिकायचं तर प्रश्न लॅक्टेट थ्रेशोल्डचा, म्हणजे लॅक्टेटच्या उंबरठ्याचा. लॅक्टेट म्हणजे साखर जाळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ, ज्याला सर्रास लॅक्टिक ॲसिड म्हणतात. नुसतं बसलो असतानाही रक्तात लिटरमागे साधारण १ मिलिमोल लॅक्टेट असतंच. तो कचरा नव्हे, हृदयाला आणि स्नायूंना चालणारं इंधन आहे. वेग वाढला की ते जास्त तयार होतं, जास्त वापरलंही जातं. एका वेगापुढे मात्र वापर मागे पडतो आणि वेग तोच ठेवला तरी पातळी चढत राहते. तो वेग म्हणजे थ्रेशोल्ड. (खरं तर उंबरठे दोन. पहिला याच्या बराच आधी लागतो, गप्पा मारत पळणं जड जायला लागतं तिथे. इथे बोलतोय ते दुसऱ्याबद्दल.) ४ मिलिमोल हा त्यासाठी सर्रास सांगितला जाणारा आकडा निव्वळ सोयीचा आहे, माणसागणिक तो वर-खाली होतो.

चाचणीत ट्रेडमिलचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि दर टप्प्याला बोट किंवा कानाची पाळी टोचून रक्ताचा थेंब घेतात. त्याआधी कातडी नीट पुसावी लागते, कारण घामातही लॅक्टेट असतं. घाम मिसळला की आकडा उगाच फुगतो. व्हीओटू मॅक्ससाठी मास्क लावून श्वासातले वायू मोजतात. घड्याळ मास्कही लावत नाही आणि टोचतही नाही. नाडी आणि वेग बघून अंदाज बांधतं, इतकंच.

आता हिशेब बघा. एकाचा व्हीओटू मॅक्स ६०, थ्रेशोल्ड त्याच्या ७० टक्क्यांवर: हाती आले ४२. दुसऱ्याचा ५२, पण थ्रेशोल्ड ८५ टक्क्यांवर: ४४. दोघांची धावण्याची ढब सारखीच काटकसरी असेल, तर लांबच्या शर्यतीत दुसरा पुढे. १९६७ साली मॅरेथॉन २ तास १० मिनिटांच्या आत पहिल्यांदा धावणाऱ्या डेरेक क्लेटनचा व्हीओटू मॅक्स ७०च्या आसपास होता. अव्वल धावपटूंमध्ये हा आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण त्यातला फार मोठा हिस्सा तो बराच वेळ वापरू शकायचा.

सरावाचंही तसंच. काही वर्षांनी व्हीओटू मॅक्स जवळपास थांबतो. थ्रेशोल्ड त्यानंतरही सरकवता येतो. म्हणून माझ्या मते घड्याळातल्या त्या एका आकड्यापायी झोप उडवण्यापेक्षा आठवड्याला एक नेटकी टेम्पो रन (थ्रेशोल्डच्या आसपासच्या वेगाने सलग धावणं) बरी.

आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात, त्याचा आळ लॅक्टेटवर नको. ते धावून झाल्यावर तासाभरात मूळ पातळीला आलेलं असतं.