कंप्रेसर नवा, ड्रायर जुना

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो आणि गाडीचा एसी नेमका तेव्हाच बसतो. याचं कारण दाबात आहे. गाडीतली उष्णता घेऊन आलेला गॅस रेडिएटरच्या पुढ्यातल्या कंडेन्सरमध्ये ती बाहेर सोडतो. त्यासाठी कंडेन्सर बाहेरच्या हवेहून गरम असावा लागतो. हिवाळ्यात 30 अंश पुरत असतील, तर मेमध्ये 60 लागतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेल्या आर-134ए या गॅसचा दाब 30 अंशांना वातावरणाच्या साडेसात पट असतो, 60 अंशांना सोळा-सतरा पट. गॅस दाबून फिरवणारा कंप्रेसर झिजलेला असला किंवा सांध्यातली रबरी रिंग कडक झालेली असली, तर ती खोट जानेवारीत निभावून नेते, मेमध्ये उघडी पडते.

मग गॅरेजात ऐकू येतं, "अंकलजी, गैस खतम है." पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. लहान गाडीत तो जेमतेम अर्धा किलो असतो आणि तेवढाच फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. आग्रा-मुंबई रोडवर ट्रकच्या मागे चालताना उडालेला खडा कंडेन्सरला लागतो, सांध्यातली रिंग सुकते, नाहीतर डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल ओल आणि धुळीने कुजते. गॅससोबत चमकणारा रंग सोडून अतिनील दिव्याखाली पाहिलं, तर गळतीची जागा पिवळी-हिरवी उजळते. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

भाग बदलताना खरी मेख वेगळीच आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीतल्या एका काकांनी नवा कंप्रेसर बसवला, तो पुढच्याच उन्हाळ्यात जाम झाला. कंप्रेसर अस्सल होता. जुना ड्रायर मात्र तसाच ठेवला होता.

ड्रायर म्हणजे पाणी शोषणाऱ्या मण्यांचा छोटा डबा. नव्या गाड्यांत तो कंडेन्सरच्या कडेच्या नळीतच असतो. पाइप उघडला की हवा आत शिरते आणि हवेबरोबर बाष्प. लू कितीही कोरडी वाटली, तरी तिच्यात थोडं बाष्प असतंच, आणि पावसाळ्यात तर विचारायलाच नको. कंप्रेसरचं तेलही पाणी ओढून घेतं. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात, जिथे गॅस एकदम गार होतो, तिथे पाण्याचा बर्फ होऊन वाट बुजते. एसी थोडा वेळ गार हवा देतो, मग देत नाही, गाडी थोडी थांबवली की पुन्हा देतो. हे लक्षण दिसलं तर आधी पाण्याचा संशय घ्यावा. तेच पाणी तेल आणि गॅसशी मिळून आम्लही तयार करतं आणि ॲल्युमिनियम खातं. म्हणून सिस्टिम उघडली की ड्रायर आणि रिंगा नव्याच हव्यात. कंप्रेसरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, तरी सगळ्यात जास्त टाळला जातो तो हाच.

त्यानंतर व्हॅक्यूम. पंपाने आतला दाब वातावरणाच्या चोविसाव्या हिश्शाखाली नेला की पाणी 30 अंशांनाच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर खेचलं जातं. याला अर्धा तास तरी द्यावाच लागतो. पंप बंद करून गेजकडे थोडा वेळ पाहत राहा: काटा हलला नाही तर ठीक, वर सरकू लागला तर गळती आहे किंवा पाणी उरलंय.

कंप्रेसर आतून घासून जाम झाला असेल, तर बिल मोठं येणार आणि मेकॅनिकवर शंकाही येणार. जुन्या कंप्रेसरमधलं तेल पांढऱ्या कापडावर ओतायला सांगा. ते स्वच्छ निघालं तर कंडेन्सर बदलायचं सहसा कारण नाही. काळपट तेलात चंदेरी कण चमकले, तर तो कीस कंडेन्सरमध्ये गेलाच आहे. आताच्या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांमध्ये एक मिलिमीटरच्या आसपासच्या वाटा असतात, धुऊन तो कीस पुरता निघत नाही. अशा वेळी कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायला सांगणारा मेकॅनिक तुम्हाला लुबाडत नसतो.

गॅस भरताना वजन करूनच भरावा. किती ग्रॅम, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. नुसता दाब बघून भरला तर कमी-जास्त होतो, कारण दाब त्या दिवसाच्या उन्हावरही ठरतो. तेलाचंही तसंच. कमी पडलं तर कंप्रेसर घासतो, जास्त झालं तर गारवा घटतो.

आणि जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनसाठी आर-12 हा जुना गॅस हटवून आर-134ए आणला गेला. ओझोन वाचला, पण शंभर वर्षांच्या हिशेबात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापवतो. एका गाडीतला अर्धा किलो म्हणजे सातशे किलो कार्बन डायऑक्साइड. तो काढून घेणारं मशीन जिथे आहे, तिथेच काम द्या. तेच मशीन व्हॅक्यूम करतं आणि ग्रॅम मोजून गॅस भरतं.