शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघ: प्रश्न नेमका कोणापुढे मांडायचा?

शाळेच्या कारभाराबद्दल काय वाटते, असे गावच्या पारावर किंवा शहरातल्या सोसायटीच्या आवारात विचारले, तर मतांना तोटा नसतो. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब कोण पाहतो, गणवेश एवढा उशिरा का आला, फी यंदा कशाच्या आधारावर वाढवली, केसांच्या लांबीचा नियम कोणी केला, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि त्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: "समितीला विचारा." कोणत्या समितीला, हे मात्र सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. महाराष्ट्रातील शाळांच्या बाबतीत ज्यांची सर्रास गल्लत होते अशा यंत्रणा दोन आहेत: शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती. दोन्हींत पालक आणि शिक्षक असतात, दोन्हींच्या बैठका शाळेतच भरतात. पण त्यांच्यामागचे कायदे वेगळे आहेत आणि ज्या पैशावर त्यांनी लक्ष ठेवायचे तो पैसाही वेगळा आहे.

शाळा व्यवस्थापन समितीचा आधार आहे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २१ नुसार शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत ही समिती असणे बंधनकारक आहे. विनाअनुदानित खासगी शाळा या कलमातून वगळलेल्या आहेत आणि अर्ध्याअधिक गोंधळाचे मूळ तिथेच आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. उरलेल्या जागांवर शिक्षकांबरोबर स्थानिक प्राधिकरणाचा निवडून आलेला प्रतिनिधी, म्हणजे गावात ग्रामपंचायत सदस्य, असतो. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. पालक सदस्यांची निवड पालकसभेत व्हायला हवी. ती ग्रामसभेत उरकून गावातल्या एखाद्या वजनदार माणसाला अध्यक्ष करण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, पण रूढ असणे आणि नियमात बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या समितीची कामे कायद्यातच सांगितली आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि शासनाकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा अन्य मार्गाने आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो ते पाहणे. अल्पसंख्याक संस्थांच्या आणि इतर सर्व अनुदानित शाळांत मात्र, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, तिची भूमिका केवळ सल्ल्यापुरती आहे. अनुदान हा शब्द ऐकायला कोरडा वाटला तरी त्यामागे ठरलेले आकडे असतात. समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. खडू, वीजबिल, नळदुरुस्ती, शौचालयाची सफाई हे सारे याच पैशातून भागवायचे असल्याने पालकसभेत एखाद्या आईने "मुलींच्या शौचालयाला पाणी का नाही?" असे विचारले, तर ती केवळ तक्रार राहत नाही, सार्वजनिक पैशाच्या हिशेबाविषयीचा तो रीतसर प्रश्न ठरतो.

समितीचे वजन किती असू शकते, हे गणवेशाच्या प्रकरणात साऱ्या राज्याला दिसले. मोफत गणवेशाचा निधी पूर्वी समितीकडे येत असे आणि समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या दुकानातून, शिंप्याकडून गणवेश घेत असे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात 'एक राज्य, एक गणवेश' या धोरणाखाली कापडाची खरेदी राज्यस्तरावर झाली आणि शिलाईचे काम महिला बचत गटांकडे गेले. कल्पना कागदावर नीटस होती. प्रत्यक्षात गणवेश उशिरा पोहोचले, मापे चुकली, आणि ज्या मुख्याध्यापकांच्या हाती काहीच उरले नव्हते त्यांनाच पालकांची बोलणी खावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हा निर्णय बदलून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. माझ्या मते या बदलाचा खरा अर्थ कापडाच्या दर्जापेक्षा उत्तरदायित्वाशी निगडित आहे, कारण खरेदी गावात झाली की बिल कोणत्या दुकानाचे आहे हे पालकाला कळते, दर ताडून पाहता येतो आणि चुकीचे माप घेऊन जाब विचारायला मुंबई गाठावी लागत नाही. अर्थात, गावातल्या खरेदीतही हात ओले होत नाहीत असा दावा कोणी करू नये.

पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची गोष्ट निराळी. तिला धार आली ती महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ मुळे. शाळेतील प्रत्येक पालक आणि प्रत्येक शिक्षक संघाचा सदस्य असतो. कार्यकारी समिती मात्र दर वर्षी नव्याने बनते आणि तिच्यातील पालक सदस्य इच्छुकांच्या यादीतून सोडत काढून निवडले जातात. अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडे आणि उपाध्यक्षपद पालकाकडे असते, म्हणजे व्यवस्थापन समितीच्या नेमके उलटे. या समितीचा मुख्य अधिकार फी मंजूर करण्याचा. पुढील वर्षाचा फीचा प्रस्ताव शाळेने सहा महिने आधी तिच्यापुढे ठेवायचा असतो. समितीने मान्य केलेली फी आणि शाळेने सुचवलेली फी यांत १५ टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. नंतरच्या दुरुस्तीने पालकांनाही तिथे दाद मागता येऊ लागली, पण त्यासाठी किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. शहरातल्या मोठ्या शाळेत ही अट म्हणजे शेकडो सह्या गोळा करणे होय, आणि मूल त्याच शाळेत शिकत असताना सही करायला कचरणारे पालक प्रत्येक वर्गात भेटतात.

नावांचा घोळ इथेच थांबत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी (सीबीएसई) संलग्न असलेल्या खासगी शाळांतही 'शाळा व्यवस्थापन समिती' याच नावाची समिती असते. ती मंडळाच्या संलग्नता नियमांतून आलेली असून तिच्यात पालकांच्या वाट्याला दोनच जागा असतात. अशा शाळेतील पालक "आमच्याकडेही व्यवस्थापन समिती आहे" असे म्हणतो ते खरेच असते, पण तीन चतुर्थांश पालक असलेली समिती ती नव्हे.

शाळेच्या नियमांबद्दल लोकांची जी मते असतात, त्यांना या दोन्ही ठिकाणी मर्यादितच वाव आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने बंदी घातलेली आहे, तिला अपवाद करण्याचा ठराव कोणतीच समिती करू शकत नाही, मग "दोन फटके मारले तर काय बिघडते?" असे म्हणणारे पालक बैठकीत बहुसंख्य का असेनात. मोबाईल, केशरचना, उशिरा येणाऱ्या मुलांसाठी फाटक बंद करणे यांसारखे नियम शाळा करते, पण ते इतिवृत्तात नोंदवून चर्चेला आणण्याचा मार्ग मोकळा आहे.

ज्यांची मुले त्या शाळेत नाहीत, अशा रहिवाशांना पालक-शिक्षक संघात स्थानच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेबाबत ते ग्रामसभेत बोलू शकतात, किंवा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये भरून समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, अनुदानाचा खर्च आणि बिलांच्या प्रती मागू शकतात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. विनाअनुदानित शाळेला असा अर्ज थेट केला, तर तो बहुधा परत येतो. मात्र शिक्षणाधिकाऱ्यांना कायद्याने त्या शाळेकडून जी माहिती मिळवता येते तीही या अधिनियमातील 'माहिती'च्या व्याख्येत बसते, म्हणून फीच्या प्रस्तावाची आणि कार्यकारी समितीच्या ठरावाची प्रत हवी असल्यास अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने करावा आणि त्यात शाळेचे नाव, शैक्षणिक वर्ष व कोणत्या बैठकीचे कागद हवेत ते स्पष्ट लिहावे.