तापलेल्या डबीवर पडणारी गार लाट

बोटीच्या कॉकपिटमधलं खोलीमापक किंवा चार्टप्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारं यंत्र) बंद पडलं की दोष पाण्याला दिला जातो. पाणी आत सापडतंही. पण त्याला वाट करून देतं ते बहुतेकदा ऊन.

काळ्या प्लॅस्टिकची बंद डबी भर उन्हात ६० अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापते. त्यावर २५ अंशांच्या पाण्याची लाट आली आणि आतली हवा तेवढीच गार झाली, तर तिचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. हा फरक जवळजवळ १ मीटर खोल पाण्याच्या दाबाएवढा! म्हणजे उपकरण पाण्यात बुडालेलं नसतानाही सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. आयपीएक्स७ हा पाणी-रोधकतेचा दर्जा १ मीटर खोलीवर ३० मिनिटं टिकल्यावर मिळतो खरा. पण त्या चाचणीत पाणी आणि उपकरण यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक नसतो. शिवाय उपकरण नवं कोरं असतं. उन्हात वर्षानुवर्षं तापून रबराचं सील कडक झालं की त्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

हा दाब समान राहावा म्हणून अनेक उपकरणांच्या पाठीमागे हवा सोडणारी, पण पाणी अडवणारी एक बारीक जाळी असते. बसवताना ‘इथून पाणी शिरेल’ म्हणून काही जण नेमकी तीच सीलंटने, म्हणजे फटी बंद करणाऱ्या लुकणाने, बुजवतात. असं कधीही करू नये.

अतिनील किरणांचं काम संथ चालतं. पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची काच पिवळी पडते, मग तडकते. एलसीडीचा पडदा उन्हात काळा पडून गार झाल्यावर पूर्ववत झाला तर घाबरू नका; डाग कायम राहिले तर मात्र आतली ध्रुवक (प्रकाश गाळणारी) फिल्म खराब झाली असं समजा.

उपाय एकच आणि स्वस्त: वापर संपला की झाकण. ते पांढरं किंवा फिकट रंगाचं, कडक टोपीसारखं किंवा अॅक्रिलिक कॅनव्हासचं असावं. शिवणीला अतिनील किरणांत टिकणारा पॉलिएस्टर दोरा वापरा, नाहीतर कापड शाबूत राहून शिवण उसवते. पारदर्शक व्हिनाइल टाळा: ते ऊन अडवत नाही, उष्णता कोंडतं आणि तापल्यावर पडद्याला चिकटतं.

झाकण्याआधी मीठ धुतलं पाहिजे. ७५ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत मीठ हवेतलं पाणी ओढून ओलंच राहतं, आणि वाळलेले कण कापडाखाली घासले की ओरखडे पडतात. आधी गोडं पाणी हलकेच ओता, मग मऊ मायक्रोफायबर कापडाने टिपा. अमोनियाचे काचपुसणे आणि अॅसिटोन नकोच. त्यांनी पडद्यावरचा लेप उतरतो, प्लॅस्टिकला बारीक चिरा जातात.

पाठीमागची बाजू सगळेच विसरतात. प्रत्येक केबलला जोडणीच्या आधी खाली झुकणारा वळसा द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच ठिबकेल. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या घ्या, सांध्यांवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवा, रिकाम्या सॉकेटना टोप्या लावा. उपकरणासोबत गॅस्केट (फट बंद करणारी मऊ पट्टी) आलं असेल तर वर सीलंट लागत नाही. लागलंच, तर पॉलिसल्फाइडचं सीलंट प्लॅस्टिकवर वापरू नका, ते त्याला खातं. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांब्याला गंज चढवतं.

होकायंत्राचं दुखणं वेगळं. त्यातलं तेल उन्हात फुगतं, गार झाल्यावर आकसतं. ही ये-जा सांभाळणारा लवचिक पडदा कडक होऊन गळू लागला की आत बुडबुडा दिसतो. नुसतं तेल भरून भागत नाही, आधी पडदा बदलावा लागतो. तेलही उत्पादकाने सांगितलेलंच हवं, कारण चुकीच्या द्रवाने तबकडीचा रंग सुटतो. आणि होकायंत्राच्या झाकणाला चुंबकाची बटणं लावू नका. सुई भलतीकडे वळेल.